उजव्या कुशीवर

आमच्या लाँड्रीत पावती नाही. कधीच नव्हती. चाळीस वर्षं मी काउंटरमागे उभी आहे, आणि माणूस दारात दिसला की त्याचा कपडा माझ्या डोळ्यांसमोर यायचा. बँकेतली बाई म्हणजे निळा सदरा, उजव्या बाहीला शाई. सलूनवाला म्हणजे डझनभर टॉवेल आणि त्यांतले निदान दोन दुसऱ्याच कुणाचे. आमचे हे म्हणायचे, "हिला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही, पण गावभरच्या शर्टांची बटणं पाठ." हे जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे सहाच ना? हो, सहाच.

हे मुद्दाम आधी सांगितलं, कारण मंगळवारी माझ्या हातून जे झालं ते पावतीच्या दुकानात झालं असतं तर अर्ध्या तासात निस्तरलं असतं.

आणि दुसरी गोष्टही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे आढेवेढे नकोत. गेल्या वर्षी कॅन्सर निघाला आणि माझा उजवा स्तन काढला. वय अडुसष्ट. लेकीच्या गावी मोठं हॉस्पिटल आहे, म्हणून आठ महिने तिच्याकडे राहिले. ऑपरेशन, मग ती सलाईनमधली औषधं, मग किरणांचे शेक. आमच्या गल्लीत काय सांगितलं? लेकीला बरं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! त्या बिचारीचं तोंड बंद आणि नाव मात्र तिचं.

आता जो येतो तो विचारतो, "मावशी, लेक कशी आहे?" मी म्हणते, बरी आहे. "काय झालं होतं हो तिला?" एकाला मी पाठ सांगितली, दुसऱ्याला पोट. कुणाला काय सांगितलं ते आता आठवत नाही. परवा लेक फोनवर म्हणाली, "आई, मला नक्की काय झालं होतं ते एकदा ठरव. त्या गाणं शिकवणाऱ्या बाईंचा मेसेज आला, मूतखड्यावर काढा सुचवलाय."

हसू आलं. मग नंतर रडूही आलं, आणि ते का ते कळेना. हल्ली असंच होतं.

उपचार संपले त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "छान. आता सहा महिन्यांनी या." लेकीने मिठी मारली, नर्सने हात हातात घेतला, सगळे म्हणाले सुटलात. मी लिफ्टपाशी गेले आणि मला कुठल्या मजल्यावर जायचंय तेच सुचेना. लोक आत गेले, बाहेर आले, मी तिथेच. खरं सांगू का, आजारी होते तेव्हा बरं होतं. म्हणजे बरं नव्हतं मेलं, पण काय करायचं ते माहीत असायचं. सोमवारी रक्त द्या, बुधवारी सलाईन, गुरुवारी ओका. आता नुसती रोज एक गोळी, पाच वर्षं, आणि ती घेतली की नाही हे दुपारपर्यंत आठवत नाही. बरी झाले म्हणतात. मग बरं का वाटत नाही? आजारीही वाटत नाही. मी नक्की कोण आहे, पेशंट की माणूस, हे कुणी सांगेल का? कपाळ माझं, विचारायचं तरी कुणाला.

आणि डोकं. कपडा समोर दिसतो पण माणूस आठवत नाही, माणूस समोर आला की कपडा पळून जातो. मी घाबरले. म्हटलं, कॅन्सर वर डोक्यात तर नाही ना गेला? डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तपासण्या स्वच्छ आहेत, औषधांनी असं बऱ्याच जणींना होतं, हळूहळू निवळतं. "हळू म्हणजे किती हळू?" "ते सांगता येत नाही." बघा! इतकी वर्षं शिकून हे उत्तर.

सुनेला ऑपरेशनचं ठाऊक आहे, पण या विसरण्याबद्दल मी काही बोलले नाही. दुकान आम्ही दोघी चालवतो. ती मागे मशीन आणि इस्त्री बघते, मी पुढे काउंटर. मी परत आल्या दिवसापासून तिचं एकच पालुपद, "आई, आपण पावत्या सुरू करूया का?" गोड आवाजात म्हणते, पण मला कळतं. पावती आली की काउंटरवर कुणीही उभं राहू शकतं. मग माझं काय काम? घरी बसून गोळ्या मोजायच्या? मी मनाशी ठरवलं होतं, एक पुडकं जरी चुकीच्या हातात गेलं, तर त्या दिवशी स्वतःहून काउंटर सोडीन. पण तोवर नाही.

आता मंगळवार.

हॉस्पिटलातून एक वस्तू मिळाली आहे, ब्राच्या आत ठेवायची. सिलिकॉनची, अंगाच्या रंगाची, चांगली जड. तिथल्या बाईंनी लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं होतं. मी त्याला पाहुणा म्हणते, कारण अंगावर राहतो पण घरचा होत नाही. दुपारी इस्त्रीची वाफ सुटली की त्याच्या मागे घामाच्या धारा लागतात. म्हणून दोन ते चार, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, मी पडद्याआड जाऊन त्याला काढून ठेवते आणि वरून ढगळ एप्रन घालते.

त्या दिवशी काढला आणि ठेवला तयार कपड्यांच्या फळीवर. आमच्या धंद्यात ही फळी म्हणजे मोठी गोष्ट. तिच्यावर जे आलं ते धुऊन, इस्त्री होऊन, तपासून आलेलं असतं. त्याला पुन्हा बघायचं नसतं, कागदात गुंडाळायचं आणि दोरी मारायची. हात आपोआप करतात, डोकं लागत नाही. चार वाजता मी पडद्याआड गेले तर फळी रिकामी. पाहुणा गेला होता. दोन ते चारच्या मधे पाच पुडकी दुकानातून गेली होती, पाचही मीच बांधली होती, आणि कुणाकुणाला दिली ते मला आठवेना.

अगं बाई गं! मी फळीखाली बघितलं, टोपल्यांत बघितलं, मशीनमागे वाकून बघितलं. सुनेने विचारलं, "काय शोधताय?" म्हटलं, चष्मा. "तो डोळ्यांवर आहे, आई."

म्हण आहे ना, काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या तर काखेतल्या गाठीसुद्धा डॉक्टरांनी काढून घेतल्या आहेत, तिथे कसला सापडतोय कळसा. गावाला वळसा मात्र मी घातला. दोन मोठे रुमाल गुंडाळून पाहुण्याच्या जागी कोंबले आणि बुधवारी सकाळी बँकेत गेले. बँकेतल्या बाईला म्हटलं, तुमच्या पुडक्यात आमची एखादी घरची वस्तू चुकून आली का? ती म्हणाली, "मावशी, मी मंगळवारी आलेच नव्हते. शनिवारी आले होते." सलूनवाल्याकडे गेले. त्याने सगळे टॉवेल झटकून दाखवले. एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण तसाच, आणि हा टॉवेल झटकतोय. "काय वस्तू आहे मावशी? सांगा तरी." काय सांगू मी त्याला? म्हटलं, इस्त्रीची गादी आहे, छोटी.

त्यात आणखी एक गोंधळ होता, आणि तोच जास्त खात होता. आमच्या दुकानात घरच्या प्रत्येक वस्तूला आम्ही कोपऱ्यात तीन लाल टाके घालतो. इस्त्रीचं फडकं, आमचे टॉवेल, एप्रन. लाल टाके दिसले की ती वस्तू पुडक्यात जायची नाही. पाहुण्याला वरून पांढरं सुती कव्हर आहे, त्याच्यावर मी तीन लाल टाके घातले होते. घातले होते ना? मला सुई दिसत होती, दोरा दिसत होता, मी खिडकीशी बसलेली दिसत होते. पण घातल्याचं आठवत होतं की घालायचं ठरवल्याचं? बुधवारचा सगळा दिवस मी ते तीन टाके मनात घोळवत बसले. टाके असूनही मी तो पुडक्यात घातला असेल, तर हात गेले. आणि टाके कधी घातलेच नसतील, तर डोकं गेलं. निवडा काय ते.

सून म्हणाली, "आई, आज जरा वरखाली दिसतंय." रुमाल घसरला होता. मी आत जाऊन ठीक केला आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

गुरुवारी एक कोट आला. कोट बांधताना दोरी दुहेरी घ्यावी लागते. दुहेरी घेतली, गाठ ओढली, आणि हाताला एकदम आठवलं. डोक्याला नाही, हाताला. मंगळवारचा कोट. राखाडी, बायकांचा, जुन्या पद्धतीचा. पुडकं उचलताना एका बाजूला कललं होतं आणि मी म्हणाले होते, "सांभाळून हं, जड आहे." कुणाला म्हणाले? समोर लांब बोटं होती, नखं अगदी बारीक कापलेली. घड्याळवाले! कोपऱ्यावर ज्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं ते. नजर कमी झाली म्हणून दोन वर्षांपूर्वी बंद केलं. आमच्या ह्यांचे चांगले स्नेही. त्यांची बायको या हिवाळ्यात हृदयविकाराने गेली. तिचा कोट बहिणीला द्यायचाय म्हणून धुवायला आणला होता.

एप्रन काढला आणि तशीच निघाले. वाटेत म्हटलं, देवा, त्यांनी पुडकं उघडलेलं नसू दे.

दार उघडताच ते म्हणाले, "वहिनी! मीच येणार होतो तुमच्याकडे. आभार मानायला."

मी काही बोलायच्या आत त्यांनी मला बसवलं. खोलीत भिंतीवर सहा घड्याळं, सगळी चालू, सगळ्यांत एकच वेळ. कपाटातून त्यांनी एक लाकडी पेटी आणली, आत भिंग पुसायचं मऊ फडकं, आणि फडक्यात माझा पाहुणा.

"तिचं आहे," ते म्हणाले. "बारा वर्षांपूर्वी तिचं ते ऑपरेशन झालं होतं. तुम्हाला ठाऊक नसेल, ती कुणाला कळू द्यायची नाही. ती गेली त्यानंतर मी हे घरभर शोधलं. दवाखान्यातून आलेल्या पिशवीत नव्हतं, कपाटात नव्हतं. आणि बघा, कोटात निघालं. दुसरं कुणी असतं तर फेकून दिलं असतं. तुम्ही नीट ठेवलंत."

बारा वर्षं ती बाई माझ्या काउंटरसमोर उभी राहिली. गावभरची बटणं पाठ असलेल्या मला तिच्या कोटाच्या आतलं काही कळलं नाही. तिचीही मूठ झाकलेलीच.

"हे बघा," त्यांनी कव्हरचा कोपरा माझ्यापुढे धरला. "खूणसुद्धा घालून ठेवली आहे. किती नीटनेटकी होती."

तीन लाल टाके. माझे. मधला जरा तिरका, मी नेहमी घालते तसा. मला इतका आनंद झाला की उठून नाचावंसं वाटलं. घातले होते! आठवलं होतं ते खरं होतं! आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि आनंद तिथेच विरला. आता काय करायचं? माझं आहे म्हणावं तर या माणसाच्या हातातलं हिसकावून घेतल्यासारखं. नाही म्हणावं तर मी उठून जायचं, दोन रुमालांवर दिवस काढायचे, हॉस्पिटलातून दुसरा मागवायचा. झालं. कुणाला कळणारही नाही. खोटं बोलायची आता मला चांगली सवय झाली आहे. मी उठायलाच लागले होते.

"वहिनी, एक सांगू?" ते म्हणाले. पाहुण्याकडे बघतच बोलत होते. "बारा वर्षं तिने मला बघू दिलं नाही. दार लावून कपडे बदलायची. आणि झोपायची ती माझ्याकडे पाठ करून. आधी नाही हो तसं. ऑपरेशननंतर. मला वाटायचं, काहीतरी राग आहे. माझंच काही चुकलं असेल. विचारायचा धीर झाला नाही. हे सापडलं तेव्हा वाटलं, चला, गेल्यावर का होईना, राग गेला."

मी खाली बसले.

"रागबिग काही नव्हता," मी म्हटलं.

"तुम्हाला काय माहीत?"

सहा घड्याळं टकटक करत होती. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "कारण ते माझं आहे. ते टाके मी घातलेत. लेक आजारी नव्हती, मी होते. मंगळवारी चुकून तुमच्या पुडक्यात बांधलं मी. डोकं ठिकाणावर नाही माझं."

त्यांनी पाहुण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग चटकन नजर दुसरीकडे नेली. कान लाल झाले होते बिचाऱ्यांचे. मला तर कुठे तोंड लपवू असं झालं होतं. पण एकदा तोंड उघडलं की माझं तोंड बंद होत नाही, हे आमचे हे सांगायचे.

"कुठली बाजू त्यांची?" मी विचारलं.

"उजवी."

"माझीही उजवी. आणि पलंगावर तुम्ही कुठे झोपता?"

त्यांनी आठवून हवेत हात करून दाखवलं. "मी दाराकडे. म्हणजे... तिच्या उजवीकडे."

"उजव्या कुशीवर झोपता येत नाही हो. अजिबात नाही. काखेतून ओढ लागते, हात बधिर होतो, छातीवर कुणी पट्टा आवळल्यासारखं होतं. वर्ष होत आलं, मला अजून येत नाही. उताणं तरी किती पडणार माणूस? डाव्या कुशीवरच वळावं लागतं. तुम्ही उजवीकडे, म्हणजे पाठ तुमच्याकडेच होणार. तुम्ही काय, तिथे राजा झोपला असता तरी पाठच झाली असती."

ते उठून झोपायच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आत बघत उभे राहिले. मी बाहेरच्या खुर्चीवर माझे दोन रुमाल घेऊन बसले होते, उठावं की बसावं ते कळेना.

तिथूनच त्यांनी विचारलं, "म्हणजे, बाजू बदलली असती तर?"

इथे खोटं बोलायला हवं होतं. बोलताही आलं असतं. लेकीच्या वेळी सांगितलं तसं, पाठ म्हणून सांगायचं, नाहीतर पोट. पण त्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या घड्याळांचा सेकंद चुकू दिला नव्हता, त्याला काय थाप मारायची.

"चाललं असतं," मी म्हटलं. "तोंड तुमच्याकडे झालं असतं."

"मी विचारायला हवं होतं."

"त्यांनी सांगायला हवं होतं," मी ताडकन म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर मी माझीच जीभ चावली. कोण कुणाला सांगतंय हे!

त्यांनी डोळे पुसले, सरळ हाताच्या पालथ्या बाजूने. मग पाहुणा त्याच मऊ फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी, दुरुस्त झालेलं घड्याळ द्यावं तसा. म्हणाले, कोट बहिणीला देणार नाही, राहू दे इथेच. दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "वहिनी, दुखतं का?" मी म्हटलं, "दुखत नाही. पण नाहीही दुखत असं नाही. मलाच नीट कळत नाही." त्यांनी मान हलवली. इतक्या महिन्यांत कुणी नुसती मान हलवली नव्हती. सगळ्यांना वाटायचं, मी सुटले.

दुकानात आले तर काउंटरसमोर गाणं शिकवणाऱ्या बाई उभ्या. या बाईंच्या कानावर गोष्ट गेली की संध्याकाळपर्यंत गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचते, तीही सुरात. सून मागून बघत होती. पाहुणा माझ्या पिशवीत, एक रुमाल बहुतेक पोटापर्यंत घसरलेला.

"आलात का मावशी! लेक कशी आहे? काढा घेतला का तिने?"

"लेक ठणठणीत आहे," मी म्हटलं. "तिला काही झालंच नव्हतं. मला झाला होता. कॅन्सर. ही बाजू काढली आहे."

बाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मागे इस्त्रीची वाफ सुटायची थांबली. बरं वाटत होतं की वाईट, मला सांगता यायचं नाही. मी काउंटरमागे जाऊन उभी राहिले, माझ्या जागेवर, आणि सुनेला हाक मारली.

"ती वही आण गं. पावत्यांची. दोन महिने लपवून ठेवली आहेस ती."

ती धावत घेऊन आली. मी पेनचं टोपण काढलं आणि बाईंकडे बघितलं. डोळ्यांसमोर काहीसुद्धा आलं नाही.

"आता सांगा बाई," मी म्हटलं, "तुमचा कपडा कुठला? मला आठवत नाहीये."